तीन टोप्यांचा साक्षीदार

धाकट्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. मुलगा आणि मुलगी. एक झोपलं की दुसरं उठायचं, आणि दोघं झोपली की दारावरची घंटा वाजायची. त्या वर्षी अमुक गोष्ट कधी झाली असं त्या घरात कुणाला विचारलं, तर महिन्याचं नाव कुणी सांगत नाही. मुलं कुशीवर वळायला लागली तेव्हा, नाहीतर मुलगी रांगत होती आणि मुलगा नुसताच बघत बसायचा तेव्हा, असं सांगतात.

या जुळ्यांच्या आजोबांना सगळे हातोडीकाका म्हणत. उभा जन्म त्यांनी बॉयलर तपासले. कारखान्यात जायचं, थंड केलेल्या बॉयलरच्या पोटात शिरायचं आणि लहान हातोडीनं पत्रे जोडणारी एकेक रिव्हेट ठोकून बघायची. घट्ट रिव्हेट खणखणीत वाजते, सैल झालेली बद्द बोलते. बाहेर मालक घड्याळाकडे बघत उभा असायचा. म्हणायचा, साहेब, चार ठोकल्यात, बाकीच्याही तशाच आहेत. काका आतून सांगायचे की बॉयलर नेहमी पाचवीपाशी फुटतो.

निवृत्त झाल्यावर हातोडी खुंटीला टांगली, पण खोड काही खुंटीला टांगता येत नाही. मग त्यांना इंटरनेटवरचा ज्ञानकोश सापडला. या ज्ञानकोशात कुणीही लेख लिहावा, कुणीही सुधारावा, सगळा फुकटचा मामला. पण एखाद्या लेखाला 'उत्तम' म्हणून तारा मिळवायचा असेल, तर त्या लेखाशी काहीही संबंध नसलेल्या माणसानं तो आधी तपासायचा असतो. एकेक वाक्य घ्यायचं, त्याखाली दिलेला आधार उघडायचा आणि तिथं खरंच तसं छापलंय का ते बघायचं. तारा मिळाला की लेख एक दिवस मुखपृष्ठावर झळकतो. काका हे तपासणीचं काम करत. त्यांच्या हातून लेख सुटला म्हणजे लिहिणाऱ्याचं गंगेत घोडं न्हालं. कित्येकांनी काकांचं नाव बघून लेख परत घेतले होते.

त्या वर्षी त्यांच्याकडे एका पुस्तकावरचा लेख आला. पुस्तकाचं नाव 'सांगितलं तेवढंच'. विचार करणारी यंत्रं आणि त्यांच्यापासूनचा धोका, हा विषय. लिहिणाऱ्या बाई गणित शिकवायच्या, आता ऐंशीच्या पुढे गेलेल्या. लेख रचणारीनं ज्ञानकोशावर स्वतःचं नाव 'मुंगी' असं ठेवलं होतं, आणि कामही तसंच केलं होतं, कण कण आणून. वर्षभर ती त्या लेखामागे होती. पुस्तकाला पंचवीस वर्षं पुरी होत होती, त्याच दिवशी लेख मुखपृष्ठावर यावा म्हणून तारीखही राखून ठेवली होती.

तपासणी सुरू व्हायच्या आधीच मुंगीनं लेखाच्या चर्चापानावर सरळ लिहून टाकलं. बाई माझ्या शिक्षिका आहेत. म्हणून लेखातल्या एका वाक्याला मी हात लावलेला नाही, ते तुम्हीच बघा.

ते वाक्य असं होतं: पंधरा वर्षांत यंत्रं माणसाचा नायनाट करतील, असं भाकीत लेखिकेनं या पुस्तकात केलं होतं.

या एका वाक्यानं बाईंचं नाव मातीत गेलं होतं. पंधरा वर्षं आली आणि गेली. माणसं होती तिथंच होती, यंत्रंही होती तिथंच होती. बाई कुठंशा व्याख्यानाला उभ्या राहिल्या, तर मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, बाई, आम्ही अजून जिवंत कसे? सभागृह खो खो हसलं. त्यानंतर बाई मंचावर चढल्या नाहीत. मी असं कधीच म्हटलं नाही, असं त्यांनी ज्ञानकोशाला कळवलं होतं. ज्ञानकोशाचा नियम असा की माणसानं स्वतःबद्दल दिलेली साक्ष चालत नाही, छापील पुरावा लागतो. आणि छापील पुरावा म्हणाल तर तीन वर्तमानपत्रं एका सुरात सांगत होती की बाई असं म्हणाल्या.

बाई आता एका वृद्धाश्रमात राहत होत्या. हृदय थकलेलं होतं. पंचविसाव्या वर्षी लेख मुखपृष्ठावर चढणार, लाखो लोक वाचणार, आणि तेच वाक्य पुन्हा एकदा छातीवर बिल्ल्यासारखं लावून चढणार, एवढंच मुंगीनं लिहिलं होतं. काढा असं म्हटलं नव्हतं. तपासा, म्हटलं होतं.

काकांनी तपासलं. तिन्ही वर्तमानपत्रांची जुनी पानं उघडली, तिन्हींत भाकीत होतं. वाक्यापुढे त्यांनी 'बरोबर' अशी खूण केली आणि काकूंना म्हणाले, "वाईट वाटतं, पण तीन साक्षीदार आहेत. आणखी काय पाहिजे?"

काकू मोठ्या इस्पितळात परिचारिकांच्या मुख्य होत्या. सहसा कुणाला घाबरायच्या नाहीत, नवऱ्याला तर अजिबातच नाही. त्यांनी विचारलं, पुस्तकात बघितलंत का? काका म्हणाले, ग्रंथालयातून पुस्तक यायचंय, आलं की बघतो.

पुस्तक आलं, आणि त्याच आठवड्यात काकांच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. डोळ्यावर पट्टी बसली. डॉक्टर म्हणाले, काही दिवस वाचायचं नाही, संगणकाच्या पडद्याकडे तर बघायचंही नाही. काका घरभर अशा चेहऱ्यानं फिरू लागले की लेक म्हणाली, आई, आता घरात तीन मुलं झाली.

मग काकूंनीच पुस्तक हातात घेतलं. दुपारी जुळी झोपली की त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसून मोठ्यानं वाचायच्या आणि काका पलंगावर पडून ऐकायचे. काकूंचं वाचणं इस्पितळातलं. रुग्णाचा कागद वाचावा तसं, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

पुस्तक ऐकता ऐकता काका उठून बसायला लागले. त्यांना वाटलं होतं, चिडलेली यंत्रं आणि पळणारी माणसं असं काहीतरी असेल. तसलं काहीच नव्हतं. बाईंचं म्हणणं साधं होतं. यंत्र आपल्यावर उलटेल याची भीती बाळगू नका, ते आपलं ऐकेल याची बाळगा. आपण सांगू तेवढंच ते करील, आणि इतकं नेटानं करील की मधे आपण आलो तर आपल्यालाही बाजूला सारील. आपण काय सांगायचं विसरलो, ते त्याला कळणार नाही. म्हणून यंत्र हुशार होण्याआधी त्याला थांबवण्याची सोय करून ठेवा.

"अगं, हे मी बघितलंय," काका म्हणाले. "एका कारखान्यात मालकानं बॉयलरवाल्याला सांगितलं होतं, वाफ वाया जाता कामा नये. त्या बिचाऱ्यानं सेफ्टी व्हॉल्व्ह तारेनं आवळून बांधला. वाफ एक फुंकरसुद्धा वाया गेली नाही. मी गेलो तेव्हा काटा लाल रेघेच्या पार गेलेला, आणि तो माझ्याकडे शाबासकीसाठी बघतोय."

काकू म्हणाल्या, मग तुम्ही काय केलंत? काका म्हणाले, आधी सगळ्यांना बाहेर पळवलं, शाबासकी नंतर.

असं करत करत नववं प्रकरण आलं, शेवटचं पान आलं. काकूंनी पुस्तक मिटलं, चष्मा काढला, आणि म्हणाल्या, "अहो, तुमचं ते पंधरा वर्षांचं वाक्य आलंच नाही. पाहुणा येणार म्हणून आधण ठेवलं, आणि पाहुणाच नाही."

काका म्हणाले, निसटलं असेल तुझ्याकडून. मुलं रडली तेव्हा मधे उठली होतीस.

झालं. काकूंच्या हाताखाली चाळीस परिचारिका होत्या आणि त्यांतल्या एकीनंही कधी औषधाची वेळ चुकवली नव्हती, त्या बाईला वाक्य चुकवलंस म्हणायचं. त्या दिवशी काकांना जेवायला मिळालं, पण वाढताना कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दुपारी काकू पुन्हा पहिल्या पानावर बसल्या. या वेळी काकांनी पानाचा आकडा दर वेळी विचारून घेतला, न जाणो ग्रंथालयाच्या प्रतीतून कुणी पान फाडलं असेल. एकही फाटलेलं नव्हतं. पुस्तक दुसऱ्यांदा संपलं. पंधरा वर्षं नव्हती, नायनाट नव्हता, भाकीत तर कुठंच नव्हतं. उलट एके ठिकाणी बाईंनी स्वच्छ लिहिलं होतं की हे कधी होईल ते मला माहीत नाही, आणि जो तारीख सांगेल त्याच्यापासून चार हात लांब राहा.

"चुकलो," काका म्हणाले.

"पुन्हा म्हणा. लेकीला ऐकू गेलं नाही," काकू म्हणाल्या.

पण नुसतं पुस्तकात नाही म्हणून भागणार नव्हतं, हे काकांना ठाऊक होतं. ज्ञानकोशावर एक जुना कारभारी होता, त्याला सगळे 'वकील' म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण नियम त्याच्या रक्तात होता. काकांनी लेकीकडून चर्चापानावर लिहवून घेतलं की मी केलेली खूण परत घेतो, हे वाक्य पुस्तकात नाही. तासाभरात वकिलाचं उत्तर आलं. पुस्तकात नसेल, भाषणात म्हणाल्या असतील, मुलाखतीत म्हणाल्या असतील. तीन वर्तमानपत्रं उगाच छापतील का? नियमानं वाक्य राहणार.

मुखपृष्ठाची तारीख जवळ येत होती. लेख नापास करावा, तर मुंगीचं वर्ष पाण्यात, आणि बाईंना पंचविसावं वर्ष पुन्हा मिळणार नव्हतं. पास करावा, तर खोटं मुखपृष्ठावर. इकडे आड तिकडे विहीर. काका एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं छताकडे बघत पडून राहिले. आणि मग त्यांना बॉयलर आठवला. रिव्हेट बद्द वाजली की ती कुणी ठोकली होती आणि केव्हा, ते बघायचं असतं.

ज्ञानकोशाची एक रीत फार चांगली आहे. तिथं काहीही पुसलं जात नाही. लेखात कुणी कधी कोणता शब्द घातला, कुणी काढला, सगळं तारीख-वेळेसह 'इतिहास' म्हणून मागे राहतं. पट्टी सुटली त्या दिवशी काकांनी काळा चष्मा चढवला, लेकीला शेजारी बसवलं, आणि या लेखाचा इतिहास मागे मागे उलटायला सुरुवात केली. लेकीच्या एका मांडीवर मुलगा होता, दुसऱ्या मांडीवर संगणक. मुलगा मधूनच बटणं दाबायचा आणि दोघं भलत्याच वर्षात जाऊन पडायची.

शेवटी तळ लागला. मुंगी यायच्या कितीतरी वर्षं आधी हा लेख तीन-चार ओळींचा होता. त्या ओळी कुणा घाईतल्या माणसानं लिहिल्या होत्या, आधार म्हणून काहीही न देता. त्यांत होतं: सात प्रकरणांच्या या पुस्तकात, पंधरा वर्षांत यंत्रं माणसाचा नायनाट करतील असं भाकीत आहे.

"सात?" काका म्हणाले. "प्रकरणं तर नऊ आहेत. तुझ्या आईनं दोनदा मोजून वाचलीत."

लेक पहिल्या वर्तमानपत्राकडे वळली. सात प्रकरणांच्या या पुस्तकात. दुसरं उघडलं. सात. तिसऱ्यातही सात. आधी तपासताना काकांची नजर फक्त भाकितावर होती, प्रकरणं कुणी मोजतंय. आणि पहिल्या वर्तमानपत्राची तारीख, ज्ञानकोशात ती ओळ पडल्यानंतर दोन महिन्यांची. म्हणजे सगळा उलगडा झाला. कुणीतरी ज्ञानकोशात थाप मारली, वर्तमानपत्रानं ज्ञानकोशातून उचलली, बाकी दोघांनी पहिल्याकडून उचलली, आणि मग ज्ञानकोशानं वर्तमानपत्रांकडे बोट दाखवलं की बघा, छापून आलंय. आपल्याच दारातला चोर गावभर फिरून पुन्हा आपल्याच दारात साक्षीदार म्हणून उभा राहिला होता.

काकांनी चर्चापानावर लिहवलं, आणि हे त्यांचं लिहिणं पुढे तिथं फार गाजलं: "हे तीन साक्षीदार नाहीत. एकच माणूस तीन टोप्या घालून आलेला आहे. आणि तो आपल्याच घरातला आहे."

वकिलानं सगळे दाखले स्वतः उघडून पाहिले. त्यानं मानलं, पण नियम सोडला नाही. म्हणाला, तुमचं मला पटलं. पण पटणं पुरत नाही, वर्तमानपत्रानं स्वतः छापलं पाहिजे की आमची चूक झाली. मग मी स्वतःच्या हातानं वाक्य काढीन.

काकांनी पहिल्या वर्तमानपत्राला पत्र पाठवलं. उत्तर नाही. दुसरं पाठवलं, ते पालथ्या घड्यावर पाणी. तारीख पुढच्या आठवड्यावर आली. तेव्हा काकूंनी फोन ओढून घेतला. इस्पितळात त्यांनी असे कितीतरी साहेब जाग्यावरून उठवलेले. एक म्हणाला संपादक बैठकीत आहेत, काकू म्हणाल्या, बैठक संपेपर्यंत मी धरून ठेवते, माझ्याकडे जुळी नातवंडं आहेत, मला वाट बघायची सवय आहे. आणि एक जुळं खरंच फोनजवळ नेलं. त्यानं टाहो फोडला. कुणीतरी घाईघाईनं फोन पुढे जोडून दिला.

पलीकडे आलेला माणूस आता तिथला वृत्तसंपादक होता, पण ती जुनी बातमी त्यानंच लिहिलेली होती, तरुणपणी. काकूंनी त्याला सगळं सांगितलं, इस्पितळात नातेवाइकांना सांगावं तसं, न रागावता, न झाकता. बाईंच्या सभागृहातलं हसणंही सांगितलं. तो म्हणाला, "मी पुस्तक वाचलं नव्हतं, बाई. वेळच नव्हता. ज्ञानकोशातून घेतलं."

काकू म्हणाल्या, तेवढंच छापा.

त्यानं छापलं. कुठं कोपऱ्यात नाही, दुसऱ्या पानावर, चौकट करून, स्वतःच्या नावानिशी. लेखिकेनं असं कोणतंही भाकीत केलेलं नाही, पुस्तक न वाचता आम्ही ते छापलं, याबद्दल त्यांची माफी मागतो. दुसऱ्या दिवशी बाकीच्या दोन वर्तमानपत्रांनीही छापलं, कारण एकानं केलं की दुसऱ्यानं करायचं ही त्यांची सवय होतीच, या वेळी ती कामी आली. त्याच सकाळी वकिलानं शब्द पाळला. स्वतः वाक्य काढलं, त्या जागी बाईंचं खरं वाक्य घातलं, तारीख सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहा हे, आणि खाली वर्तमानपत्राच्या माफीचा आधार दिला. मग चर्चापानावर एवढंच लिहिलं: हातोडीकाका, आता ठोका.

काकांनी लेख पुन्हा पहिल्यापासून ठोकला. एकेक वाक्य. कुणी म्हणालं, आता कशाला, सगळं तर झालं. पण पाचवी रिव्हेट ती पाचवीच. दोन बारीक दोष निघाले, मुंगीनं दुपारपर्यंत दुरुस्त केले. सगळं खणखणीत वाजलं तेव्हा काकांनी तारा दिला.

पंचविसाव्या वर्षाच्या दिवशी लेख मुखपृष्ठावर झळकला. काका, काकू आणि मुंगी वृद्धाश्रमात गेले. मुंगीला काकांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. नावावरून वाटावी तशी नव्हती, चांगली उंचीपुरी बाई, काकांपेक्षा हातभर वर. काकू म्हणाल्या, ही मुंगी असेल तर हत्ती बघायलाच नको.

मोठ्या दालनात भिंतीवरच्या पडद्यावर लेख लावलेला होता. चाकाच्या खुर्च्या पुढे ओढल्या होत्या, स्वयंपाकघरातली माणसं हात पुसत दारात उभी होती. ज्यांना हे पुस्तक कशाचं आहे ते आदल्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं, ते आता एकमेकांना सांगत होते की आमच्या मजल्यावरच्या बाई त्या. कुणीतरी वर्तमानपत्राची चौकट कापून काचेत बसवून आणली होती. बाई मधोमध ताठ बसल्या होत्या, कडक इस्त्रीचे कपडे घालून. एका म्हातारबुवानं उठून टाळी वाजवली, आणि मग सगळं दालन वाजायला लागलं. बाई पूर्वी मंचावर ज्या हसण्याला पाठ दाखवून गेल्या होत्या, ते त्या दिवशी टाळ्यांत बुडून गेलं.

काका पुढे झाले तेव्हा बाईंनी विचारलं, "आधी 'बरोबर' अशी खूण करणारे तुम्हीच ना?"

"मीच," काका म्हणाले.

"इतिहासात राहील हो ती."

"राहू द्या. पुढच्यानं बघितली पाहिजे."

बाई हसल्या. मग काकांनी त्यांना तारेनं आवळलेल्या सेफ्टी व्हॉल्व्हची गोष्ट सांगितली, शाबासकीसाठी बघणाऱ्या माणसासकट. बाईंनी ती दोनदा सांगायला लावली. बॉयलर केवढा होता, काटा कुठं होता, तार कसली होती, सगळं विचारलं. आणि म्हणाल्या, "पंचवीस वर्षांपूर्वी कुठं होतात तुम्ही? नऊ प्रकरणांऐवजी मी एकच लिहिलं असतं."

"मग ते सात कुणी म्हणालं नसतं," काकू म्हणाल्या.

परत निघताना बाईंनी मुंगीला जवळ बोलावून सांगितलं की आता माझ्या खऱ्या चुका शोधायला लाग, चौथ्या प्रकरणात एक आहे. मुंगी घरी न जाता तिथूनच ग्रंथालयात गेली. काका घरी आले, काळा चष्मा काढला, खुंटीवरची हातोडी उतरवून पुसली आणि पुन्हा टांगली.

बाई त्याच वर्षी गेल्या. जुळ्यांतल्या मुलीनं पहिलं पाऊल टाकलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, झोपेतच.